कळवतो म्हणाले

बावन्नाव्या वर्षी माणसाने जावई पाहायला निघावे. मी हिंजवडीला स्वतःला दाखवायला निघालो. १९९९ साली, सन २००० उजाडताच संगणकाने ‘००’ म्हणजे १९०० समजू नये म्हणून मी कोबोलमधली दोन आकडी साले चार आकडी करत बसलो होतो. त्या वर्षी मी बँका वाचवल्या, असे निदान सौ.ला तरी सांगितले होते. गेल्या महिन्यात मला मात्र कुणी वाचवले नाही.

समोर भाच्याच्या वयाचा पोरगा. “सर, १००० नावांची अकारविल्हे यादी आहे. एक नाव किती वेळा बघून सापडेल?”

म्हटलं, एवढंच ना! मधोमध बघायचं, नको ती अर्धी बाजू सोडायची, उरलेल्याच्या पुन्हा मधोमध. फार तर १० वेळा.

“व्वा! आता फळ्यावर प्रोग्रॅम लिहा.”

चष्मा सापडेना. खिसे झाले, पिशवी झाली, फाइल झाली, टेबलाखालीही वाकून झालं.

“काका, डोक्यावर आहे.”

‘सर’चे ‘काका’ झाले तिथेच मी काय ते समजलो.

घरी सौ.ने विचारलं, “काय झालं हो?”

“कळवतो म्हणाले.”

तिला बघायला येणारेही एके काळी हेच म्हणून जात. ती काही बोलली नाही. चहात साखर तेवढी एक चमचा जास्त होती.