काचेतला शेजार

देवनारचं नाव काढलं की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात. एक १९२७पासून साचत आलेलं डंपिंग ग्राउंड आणि दुसरा १९७१ साली सुरू झालेला कत्तलखाना. रिक्षावाल्याला नुसतं ‘देवनार’ सांगितलं तर तो मान मागे वळवून विचारतो, ‘डेपो की बकरा मंडी?’ अशा ठिकाणी राहून सॅलडवर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. पण वाशीचा घाऊक बाजार आमच्या खाडीपलीकडे आहे. भाजीचे टेम्पो पूल ओलांडून मुंबईत शिरतात ते मानखुर्दला, म्हणजे आमच्याच उंबऱ्यावर. दादर-पार्ल्याची माणसं ज्या भाजीचं कौतुक करतात ती पहाटे आमच्या नाकासमोरून गेलेली असते.

माघात गोवंडी स्टेशनबाहेर भाजीवालीच्या गोणपाटासमोर उभं राहिलं की पिशवी लहान वाटायला लागते. उत्तरेकडची लालबुंद गाजरं, पाल्यासकट मुळे, मातीनं माखलेलं बीट, मटार, हरभऱ्याचे डहाळे. पलीकडच्या गाडीवर नाशिकची द्राक्षं, नागपूरची संत्री, पन्नीच्या खोक्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. ‘ताई, पाला काढू का ठेवू?’ मुळ्याचा ठेवायचा, फ्लॉवरचा काढायचा. काढलेला पाला ती फेकत नाही, मागच्या पोत्यात कोंबते. संध्याकाळी कुणाचा तरी पोरगा येऊन बकऱ्यांसाठी ते पोतं उचलून नेतो. मटारची टरफलं मीही तिलाच नेऊन देते. देवनारमध्ये सॅलड अशा रीतीनं शेवटी मटणाच्याच कामी येतं, त्याला इलाज नाही.

या दिवसांत मला एक नाद लागतो. काचेच्या उंच, सरळ कडांच्या भांड्यात थरांचं सॅलड लावायचं. आपल्या ताटात कच्च्याला मान आहे, पण तो डाव्या बाजूचा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी ती रांग. वाढायचीही चमचाभर. आणि कोशिंबीर ऐनवेळची. काकडी चोचवून ठेवलेली असते, कूट तयार असतं, फोडणीची पळी तापत असते; पण पानं मांडल्याशिवाय मीठ कुणी घालू देत नाही. कारण मीठ लागताच काकडी पाणी सोडते. खमंग काकडीतलं दाण्याचं कूट चवीला असतं तितकंच ते पाणी टिपायलाही असतं. आमच्या उपनगरांच्या कडेनं, वडाळ्याला, भांडुपला, मुलुंडला मिठागरं पसरली होती. तिथे एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत पाणी फिरवत, उन्हाला ते पाजत मीठ काढलं जायचं. स्वयंपाकघरात तेच मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं.

थर लावायचे म्हणजे हे पाणी सांभाळायचं. रंग नंतर. नवशिके रंगांवर जातात: पांढऱ्यावर लाल, लालवर हिरवं. तासाभरात भांड्याच्या तळाशी गुलाबी डबकं होतं आणि काचेवर ओघळ उतरतात. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, मिळेल त्या वाटेनं पळतो. गाजराचा रंग पाण्याला दाद देत नाही, त्याला तेल-तूपच लागतं. म्हणून गाजर कुणाच्याही शेजारी बसवावं. डाळिंबाचा प्रत्येक दाणा आपलं पाणी आपल्या सालीत बांधून ठेवतो, दाताखाली येईपर्यंत सोडत नाही. संत्र्याची फोड सोलली की मात्र भरवसा नाही. कोण कुणाशेजारी नांदेल हे ठरवताना मला लग्नघरातल्या पंगतीत कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं नाही, हे पाठ असलेली आत्या आठवते.

बीट मी तळाशी घालते. उकडून, जाड किसून, लिंबू-मीठ लावून, मुठीत घट्ट पिळून. हात दोन दिवस गुलाबी राहतात. रशियन लोकांच्या थरांच्या सॅलडात खारवलेला हेरिंग मासा तळाशी आणि बीट सगळ्यात वर असतं. अंगरखा पांघरलेला मासा म्हणतात त्याला. तिथे रंग खाली झिरपलेला चालतो, उलट हवाच असतो. मला तो चालत नाही. बिटावर मोड आलेले मूग, कोरडे, फडक्यावर निथळलेले. रंग वर चढायला लागला तर आधी त्यांच्याशी गाठ पडते. मग गाजर. मग चक्का.

चक्का ही या भांड्यातली खरी कारागिरी. रात्रभर दही पंच्यात बांधून टांगलं की सकाळी श्रीखंडाची आठवण येते; साखरेचा डबा आणि मन, दोन्ही आवरायचं. त्यात मोहरी फेसून घालायची. फेसणं हे खलबत्त्याचंच काम, मिक्सरमध्ये ते नीट होत नाही. मोहरी जरा भरड कुटून, गार पाण्याचा शिंतोडा मारून घोटत राहायचं. कोरड्या मोहरीला झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की तो तयार होतो. दोन-चार मिनिटांत वास थेट कपाळात चढतो, डोळ्यांत पाणी येतं. पाणी गरम घेतलं तर झणका धरतच नाही. आंबट मिळालं तर टिकतो, म्हणून फेसलेली मोहरी लगेच चक्क्यात घालायची. थोडं मीठ, चिमूट साखर, बारीक चिरलेली मिरची. हा पांढरा थर काचेला टेकेपर्यंत पसरायचा, कडेला फट ठेवायची नाही. खालची भाजी आणि वरचं फळ यांच्यामधली ही सरहद्द.

फळ आणि मोहरी हे ऐकून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी गोव्यातलं आंब्या-अननसाचं सासव खाल्लेलं नसतं. पेरूची, केळ्याची, डाळिंबाची कोशिंबीर आपल्या आज्या करतच होत्या; सॅलडच्या पुस्तकांची वाट बघत त्या बसल्या नव्हत्या. भोगीची भाजी तरी काय वेगळी? पावटा, हरभरा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे, वर तीळ. पौषात शेतात जे जे उभं असतं ते एका कढईत. भाद्रपदातली ऋषीची भाजी तर आणखी कडक: बैलाच्या कष्टाचं काही चालायचं नाही. अळू, भेंडी, दोडका, माठ, परसातलं तेवढंच. ऋतू खाण्याची शिस्त आपल्याकडे अशी सणाला बांधलेली होती.

चक्क्यावर सोलाणे आणि मटार, उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून काढलेले. त्याहून जास्त शिजले तर हिरवेपणाचा वास जातो. त्यावर अर्धी चिरलेली द्राक्षं, कापलेली बाजू खाली. मुळा चार चकत्यांपुरताच. त्याला जागा दिली तर तो घर ताब्यात घेतो. सर्वांत वर डाळिंबाचे दाणे, ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणी तेलाची, हिंग-मोहरीची, तीही थंड करून. तुपाची देऊ नये. गार भांड्यात तूप थिजतं आणि पांढरे ठिपके खोबऱ्यात मिसळून फसवतात. सकाळी लावलेलं भांडं दुपारी पंगतीत न्यावं, सगळे थर जिथल्या तिथे. कोशिंबिरीला हे जमत नाही.

ओट्यावर मागे उरतो तो ढीग मात्र भांड्याच्या दुप्पट असतो. संत्र्याच्या साली, बिटाची सोलपटं, सोलाण्यांची फोलं. २०१६च्या जानेवारीत डंपिंगला आग लागली तेव्हा दिवसचे दिवस खिडक्या लावून बसलो होतो. धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. ढिगात ओलं दबलं की हवा कोंडते, आत मिथेन धरतो. तेव्हापासून संत्र्याची साल कचऱ्याच्या डब्यात टाकताना माझा हात अडखळतो. ती सोसायटीच्या मागच्या पिंपात जाते. तिथेही ओल्यावर सुका पाला, त्यावर ओलं, वर पुन्हा पाला. मधला सुका थर चुकला की खालून काळं पाणी आणि वरून तक्रारी. पिंप बघणारे काका रोज सकाळी त्यात हात घालून ऊब बघतात आणि माझ्या सालींना नावं ठेवतात. लिंबू-संत्र्याच्या साली लवकर कुजत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून आता मी त्या बारीक चिरून नेते.

रविवारी सगळे जेवायला होते. भांडं टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. भाचीनं आधी फोटो काढले, मग मोठा चमचा तळापर्यंत उभा घालून सगळे थर अलगद ताटात उतरवले. सासऱ्यांच्या ताटात मी तसंच वाढलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, पाची बोटांनी ते कालवून घेतलं, एका घासात सगळं गुलाबी करून टाकलं आणि म्हणाले, ‘छान झालीय. यात कूट नाही घातलंस?’

कूट घातलं. उरलेल्या सॅलडातली द्राक्षं वेचून काढली, बाकीचं दुसऱ्या दिवशी भाजणीत मळलं आणि थालीपिठं लावली. ती तव्यावरून थेट संपली, लोण्याची वाटी टेबलावर पोचायच्या आधी.