मध्यरात्रीचे सोनेगाव : चार शहरांचे टपाल

१/ मुंबई ते कोलकाता हे हवाई अंतर सुमारे १,६६० किलोमीटर. आजचे जेट विमान ते तीन तासांच्या आत कापते. १९४९ साली मात्र टपालापुरते या अंतराचे माप होते एक रात्र. आणि त्या रात्रीचा मध्य होता नागपूर.

२/ तोवर साधे पत्र रेल्वेने जाई. नागपूरमार्गे लोहमार्ग १,९६८ किलोमीटरचा. प्रवासच दीड दिवसाहून अधिक. हवाई टपाल होते, पण त्याला जादा आकार पडे.

३/ ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास (आजचे चेन्नई) येथून रात्री डाकोटा विमाने निघत, नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. त्या चार मार्गांत बसल्या.

४/ नागपूरच का? ‘देशाचा मध्य’ म्हटले की झिरो माईलच्या खांबाकडे बोट जाते. पण येथे उत्तर अंतरात आहे. नागपूरहून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९१०, कोलकाता ९८० किलोमीटर. ६८० आणि ९८० यांची बेरीज १,६६०, म्हणजे मुंबई-कोलकाता सरळ अंतराएवढीच! दिल्ली-चेन्नईचेही तसेच : सुमारे १,७६०. दोन्ही सरळ रेषा नागपूरजवळच एकमेकींना छेदतात.

५/ डाकोटाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर धरला, तर मुंबईहून नागपूर अडीच तास आणि कोलकात्याहून साडेतीन तासांहून थोडे अधिक. सर्वांनाच हा मार्ग सरळ नव्हता. दिल्ली-मुंबई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, ते नागपूरमार्गे १,५३० होई. पण सकाळी हाती पडणाऱ्या पत्राला रात्रीच्या वळशाची काय पर्वा?

६/ १ एप्रिल १९४९ पासून, जेथे विमानाने वेळ वाचेल तेथे देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. हवाई वेग हा केवळ ऐपतीचा प्रश्न उरला नाही. या सेवेचे खरे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे.

७/ या वेगाची किंमतही होती. टपालाच्या विमानांतून प्रवासीही जात. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे झेपावलेले असेच एक डाकोटा इंजिन बंद पडून कोसळले. तेरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्रीही होते.

८/ १९७० च्या दशकात ही सेवा थांबली. आता मुंबई-कोलकाता विमानाला नागपुरात उतरण्याचे कारण उरलेले नाही. पण अंतर विमानाच्या वेगानेच कमी होते असे नाही. चार विमानांचे वेळापत्रक जुळवून आणि झोपेचे तास कामी लावूनही ते कमी करता येते, हे सोनेगावच्या धावपट्टीने दाखवून दिले.