कुठल्या पिराचा उरूस?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वडवणीला बहिणीकडं होतो. वाड्यात खांदेमळणी चालली होती. बैलांच्या खांद्यावर हळद-तूप चोळून झालं, तसा भाच्यानं धोतराच्या फडक्याला हात पुसला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "मामा, उरूस बघा."

मला वाटलं, कुठल्या तरी दर्ग्याची जत्रा. आमच्याकडं उरूस म्हटलं की संदल, रेवड्या आणि कुस्त्यांचा फड. "कुठल्या पिराचा?" मी विचारलं. तो एवढा हसला, की बैलानं मान वळवून बघितलं. पडद्यावर एक पिवळीधमक, उंच, दांडगी गाडी होती. लॅम्बोर्गिनी उरुस. भारतात 2018 च्या जानेवारीत आली तेव्हाच किंमत तीन कोटी.

भाचा ट्रॅक्टर चालवतो. दसरा झाला की दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहतो. त्याला या गाडीचं वेड का, तर तिची कंपनी काढणारा मुळात ट्रॅक्टरवाला. "आपल्यातलाच म्हणायचा की," असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नाही. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी 1916 मध्ये इटलीतल्या रेनाझ्झो गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मला. महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या टाकाऊ गाड्यांचे सुटे भाग जमवून त्यानं ट्रॅक्टर जोडायला घेतले. 1948 मध्ये ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिला, आणि शर्यतीच्या तोडीच्या गाड्यांचा कारखाना 1963 मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्याच्या फेरारीचा क्लच सारखा बिघडायचा, तक्रार केली तर एन्झो फेरारीनं 'तू आपला ट्रॅक्टर हाक' म्हणून उडवून लावलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, गावाकडच्या माणसाला ती लगेच पटते. आमच्याकडं निम्मे धंदे कुणाच्या तरी टोमण्यावरच उभे राहिलेत.

आणि उरुस म्हणजे काय, तर बैलच. गायीगुरांचा रानटी पूर्वज. त्यातलं शेवटचं जनावर 1627 मध्ये पोलंडच्या जंगलात मेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, हळदीच्या हातानं भाचा मला जे दाखवत होता, ते त्याच्या गोठ्यातल्या जोडीच्या खापरपणजोबाचं नाव होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो कंपनीवर आणखीच खूश झाला.

गाड्यांच्या दर्दी लोकांत मात्र या उरुसनं वाद लावलेला आहे. त्यांचं म्हणणं, शर्यतीचा बैल औताला जुंपू नये. जिचं आयुष्य वळणावर आणि वेगावर गेलं, त्या कंपनीनं पोरं शाळेत सोडायची आणि बाजाराच्या पिशव्या ठेवायची उंच गाडी काढली की तिचं सोवळं मोडतं. हे सोवळं सगळ्यात कडक पाळलं फेरारीनं. तिथले प्रमुख सेर्जो मार्किओने 2016 मध्ये म्हणाले होते, की फेरारीची एसयूव्ही काढायची तर आधी मला गोळी घालावी लागेल. ते 2018 मध्ये वारले. 2022 मध्ये फेरारीची चार दारांची उंच गाडी आलीच. तिला एसयूव्ही म्हणायचं नाही, असं कंपनी सांगते. नाव ठेवलं पुरोसांग्वे, म्हणजे शुद्ध रक्ताची. सोयरीक परजातीत झाली की घरातली म्हातारी माणसं कुळाचा इतिहास जरा मोठ्यानं सांगायला लागतात, त्यातलाच हा प्रकार.

पण औताची लाज यांना वाटावी का? पोर्शच्या नावाचे लाल ट्रॅक्टर 1956 ते 1963 पर्यंत जर्मनीत बनत होते आणि एक लाखाच्या वर विकले गेले. ॲस्टन मार्टिन 1947 मध्ये विकत घेणारा डेव्हिड ब्राऊन हा इंग्लंडातला ट्रॅक्टरवाला. त्या गाड्यांच्या नावातलं 'डीबी' ते त्याचंच. म्हणजे ज्यांना आपण जन्मानं राजबिंडे समजतो, त्यातल्या तिघांच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. उलटा प्रवासही आपल्या घरचाच आहे. जीप आणि ट्रॅक्टर विकून मोठ्या झालेल्या महिंद्रानं 2015 मध्ये पिनिनफरिना घेतली. फेरारीच्या कित्येक गाड्यांना रूप देणारं हे घर. 2019 मध्ये त्या नावानं बत्तिस्ता ही एकोणीसशे अश्वशक्तीची विजेवरची गाडी दाखवली गेली. वडवणीच्या चौकात लाल ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या मालकाच्या घरची ही थोरली सून.

हिशेबाचं म्हणाल तर वाद कधीच निकालात निघाला. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्श बुडायला आली होती. 2002 मध्ये तिनं कायेन ही उंच गाडी काढली. त्याच वर्षी इकडं नाशिकच्या स्कॉर्पिओनं बीड जिल्ह्यातलं राजकारण जमिनीपासून वर उचललं. 2023 मध्ये पोर्शनं सव्वातीन लाखांना थोड्या कमी गाड्या दिल्या. त्यात कायेन आणि धाकटी मकान मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि जिच्यावर कवी लोक जीव टाकतात ती 911 पन्नास हजार. लॅम्बोर्गिनीनं त्या वर्षी पहिल्यांदा दहा हजारांचा आकडा ओलांडला, त्यात सहा हजारांवर उरुसच. औताच्या बैलानं घर चालवायचं आणि शर्यतीच्या बैलाला खुराक घालायचा, यात वाईट काय? आमच्याकडं एक भाऊ ऊस तोडायला जातो, तेव्हा दुसरा पुण्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडतो.

माझी अडचण दुसरीच आहे. उरुस औताला जातच नाही. चिंचवणच्या एखाद्या रानात, पाऊस पडून गेल्यावर, काळ्या मातीत तिला उतरवा. चाकाला चिकटलेला चिखल काढायला खुरपं लागेल. ते धाडस कुणी करणार नाही, आणि करावं म्हणून ती बनवलेलीही नाही. ती ताशी तीनशे किलोमीटरनं पळते. आमच्या रस्त्यावर तेवढं पळायला आधी रस्ता लागेल. वेग नाही, चिखलही नाही. मग विकलं काय?

विकली उंची. लॅम्बोर्गिनीची जुनी काऊंटॅश 107 सेंटिमीटर उंच होती. भाच्याच्या बैलाच्या पाठीपेक्षा खाली. वेगवान गाडीला वाऱ्यापुढं वाकावं लागतं, जमीन धरून राहावं लागतं. तिच्यात बसायचं तर माणसालाही कमरेत वाकावं लागतं. उरुस सव्वापाच फुटांच्या वर. तिच्यात चढून बसायचं आणि काचेतून खाली बघायचं. ही हौस मिलानमधली की वडवणीतली, हे ओळखू येणार नाही. आमच्याकडं पांढरी उंच गाडी घेणारा रस्ता खराब आहे असं सांगतो. पण रस्ता खराब असतो तो क्रुझरमध्ये दाटीनं बसून तेलगावला जाणाऱ्या माणसांना. पांढऱ्या गाडीला हवा असतो दरारा. 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एका झटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. तेव्हा रस्त्यांविषयी कुणी बोललं नव्हतं. आणि उरुसच्या पोटातला सांगाडा ज्या ऑडी क्यू-सेव्हनच्या कुळातला, ती तिथंच शेंद्र्याला जोडली जाते. म्हणजे ही बया परकी नाहीच, चुलत्याकडून आपल्या मराठवाड्याची.

म्हणून कंपन्यांनी या गाड्या काढाव्यात का, याला माझं उत्तर 'काढा' असंच आहे. फक्त तिला शर्यतीचा बैलही म्हणू नका आणि औताचाही. ती मिरवणुकीची गाडी आहे. तसं बघितलं तर उरूस हे नाव आमच्या अर्थानंच तिला शोभतं.

भाच्याला हे काही पटलं नाही. "मामा, तुम्ही बसला नाहीत म्हणून बोलता," म्हणाला. "ट्रॅक्टरवर बसलं तरी वरून बरं वाटतं की." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्या शेजारी मडगार्डावर बसून मीही कित्येकदा रानातून आलोय, आणि वाटेतल्या पायी चालणाऱ्यांकडं बघताना माझीही मान जरा ताठ झालेली असते.

दुसऱ्या दिवशी बैल वेशीतून मिरवून आले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. बहीण ओवाळायला ताट घेऊन आली. थोरल्या बैलानं सवयीनं मान खाली घातली, तिनं कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला. दुसऱ्यानंही तसंच केलं. मग ती ट्रॅक्टरपुढं गेली. त्यालाही झेंडूची माळ घातलेली होती. ताट हातात धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"का रं," तिनं विचारलं, "ह्याचं कपाळ कुठंय?"