निसर्गाला जात नसते म्हणे!



जंगल, पाणी, जमीन या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी हल्ली नेतृत्व विकासाची निवासी शिबिरं भरतात. वनखात्याचे अधिकारी, पाणलोटाचे अभियंते, संस्थांचे कार्यकर्ते तिथे येतात. आपल्या चळवळीतली पोरं मात्र तिकडे फिरकत नाहीत. "ते झाडं लावणाऱ्यांचं काम, आपला काय संबंध?" असं मला अनेकांनी विचारलंय. माझं म्हणणं असं की सगळ्यात जास्त संबंध आपलाच आहे. गायरान, गावतळं, सरपण, चारा यांची खरी गरज कोणाला? ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि गेली काही वर्षं पाणलोटाच्या गावांत काम करते. अशाच एका पाच दिवसांच्या शिबिराला गेले होते. शिकण्यासारखं काही नव्हतं असं नाही. बैठक कशी चालवायची, भांडणात दोन्ही बाजूंचं कसं ऐकायचं, हे नीट शिकवलं. तिसऱ्या दिवशी गावाचा नकाशा काढून त्यावर कोणाकोणाचे हितसंबंध आहेत ते लिहायचं होतं. आमच्या गटाच्या तक्त्यावर आलं : शेतकरी, ग्रामपंचायत, वनखातं, बचत गट, युवक मंडळ. मी खाली स्केचपेनने लिहिलं, 'बौद्धवाडा, मातंग वस्ती, शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन बाया'. प्रशिक्षक हसून म्हणाले, "ताई, इथे जात नको आणूया. निसर्गाला जात नसते."

निसर्गाला नसेल. पण गावातल्या विहिरीला असते, आणि वस्ती शिवाराच्या कोणत्या टोकाला ढकलली गेली, यालाही असते.

चराईबंदीचंच घ्या. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार यांच्या नावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान ही सूत्रं राज्यभर गेली. डोंगर हिरवा होतो हे खरं आहे. पण मी ज्या गावांत काम करते तिथे बंदीचा भार कोणावर पडतो ते रोज बघते. ज्याच्या बांधावर गवत आहे त्याची म्हैस गोठ्यात उभी राहून खाते. जिच्याकडे चार शेळ्या आणि समोरचा डोंगर एवढंच आहे, तिने शेळ्या बाजारात न्यायच्या. वर श्रमदानाला पहिली कुदळही तिचीच. समतल चरांत मुरलेलं पाणी निघतं ते खालच्या बागायतदाराच्या विहिरीत!

दुसरी रीतच नाही, असं कोणी सांगू नये. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा एकरांवर नाही, तर घरातल्या माणसांवर ठरला. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला पाणी नव्हतं. हरियाणातल्या सुखोमाजरीत लोकांनी डोंगरावरची मोकाट चराई आपणहून थांबवली, कारण तलावाच्या पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा मिळाला, मग जमीन असो वा नसो. बंदी तीच होती, पण तिच्या बरोबरीने वाटा आला.

याच शिबिरात हार्वर्डच्या रोनाल्ड हायफेट्झ यांची मांडणी शिकवली. अधिकारपद म्हणजे नेतृत्व नव्हे. तांत्रिक अडचण तज्ज्ञ सोडवतो, पण जिथे माणसांनाच सवयी आणि मूल्यं बदलावी लागतात तिथे नेतृत्वाचा कस लागतो. मला ही मांडणी पटते. ती ऐकताना मला महाड आठवत होतं. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं १९२४ मध्ये. कागद तयार होता, तळ्यात पाणीही होतं, तरी अस्पृश्याला तळ्यावर जायची सोय नव्हती. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्याच लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. म्हणजे बदल दोन्हीकडून मागितला. पुढे कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल लागलं. सार्वजनिक पाण्यावरच्या हक्कासाठी नेतृत्व कसं उभं राहतं, हे शिकायला याहून चांगलं प्रकरण कोणत्या अभ्यासक्रमात आहे, मला दाखवा. आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांची आखणी पुढे नेत होते. पाच दिवसांत त्यांचं नाव एकदाही निघालं नाही.

म्हणून बाहेर बसून टीका करण्यात मला रस नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. जंगलाकाठचे आपले लोक त्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून येतात आणि त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा शोधायला, दावा लिहायला, ग्रामसभेत उभं राहून बोलायला तयार माणूस लागतो. ही तयारी शिबिरांत होते, तर ती आपण का सोडायची?

पुढच्या शिबिरांचे अर्ज निघाले की भरा. तक्त्यावर वस्तीचं नाव लिहा आणि कोणाला खोडू देऊ नका. आमच्याकडे यंदा ठरलंय की शिवारफेरी चावडीवरून निघणार नाही, बौद्धवाड्यातून निघेल. आणि चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत येण्याआधी कोणाच्या घरी किती शेळ्या आहेत, त्याची यादी त्या बायांनीच करायची.