डावे-उजवे

जुना स्टिरिओ दुरुस्त करण्याचा छंद आतबट्ट्याचा खरा! संचाने चाळिशी ओलांडली, की दुरुस्तीवाला मान हलवतो आणि भंगारवाला हात पुढे करतो. वडिलांच्या माघारी आमच्या संचाची डावी बाजू मुकी झाली, तेव्हा घरातही तो मोडीत काढण्याचा ठराव झाला होता.

पण स्टिरिओचे एक बरे असते. १९५८ साली बाजारात आलेल्या या तबकड्यांत एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरलेले असतात, आणि संचाच्या पोटात त्यांच्यासाठी दोन जुळी भावंडे नांदतात. एक आजारी पडले, तर दुसऱ्याची नाडी पाहावी. संच बंद करून मी स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. पुन्हा लावला, तो मुकेपणा उजवीकडे सरकलेला! म्हणजे स्पीकर निर्दोष. मग मीटर घेऊन दोन्ही बाजूंची एकेक जागा ताडून पाहिली. निघाला काय, तर एक वाळलेला कपॅसिटर. किंमत कटिंग चहाएवढी!

दोन्ही बाजू बोलू लागल्या, की गायक दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे काहीच नसते, तिथे येऊन उभा राहतो. मात्र तो भेटतो दोहोंपासून सारख्या अंतरावर बसणाऱ्यालाच. वडिलांची खुर्ची कुणी जरा हलवली, की ते का चिडत, ते मला परवा समजले.