नकटी

मारुतीने १९८४ साली ती बाजारात आणली तेव्हा तिला नुसतं ‘व्हॅन’ म्हणत. ‘ओम्नी’ हे बारसं १९८८ मध्ये झालं. आमच्या घरी मात्र ती आली त्या दिवसापासून नकटीच. चारचौघी मोटारींना असतं तसं पुढे नाक म्हणून तिला नव्हतंच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चाकं लावावीत आणि एका बाजूला काच बसवावी, एवढंच तिचं रूप. हळदकुंकू वाहताना आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “हिचा इंजिन खंय आसा?” दादाने ड्रायव्हरच्या सीटवर थाप मारली. “ह्याच्या खाली.”

खरोखरच खाली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती आठशेला होतं त्याच जातीचं यंत्र तिने पुढच्या दोन सीटांखाली पोटाशी धरलं होतं. त्यामुळे मे महिन्यात डोंबिवलीहून कुडाळकडे निघालं की पुढे बसण्याचा मान कुणालाच नको असे. दादा चादरीची चौपदरी घडी घालून वर बसायचा आणि माणगावला उतरला की बराच वेळ नुसता उभा राहायचा. मोठ्यांशी तिचं तसं कधी जमलंच नाही. मागे बसलं तर गुडघे छातीशी, पुढे बसलं तर खालून आच. ती पोरांची होती.

आमची आठ सीटांची. मागची दोन बाकं समोरासमोर, त्यामुळे तिच्या पोटात पोरांची पंगतच बसायची. मधल्या मोकळ्या जागेत आईची पिशवी: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कैरीचा तक्कू, आवळासुपारी आणि रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा एक गठ्ठा. त्या गठ्ठ्याचं महत्त्व पोलादपूरनंतर कळे. शिवाय तिचं दार! ते उघडायचं नसे, सरकवायचं असे. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी हेच दार खर्रकन सरकवून इतक्या हिरॉइनी पळवल्या होत्या, की पेट्रोलपंपावर थांबलो की आमची पोरं धाकट्याला उचलून आत टाकत आणि “चल, जल्दी!” असं ओरडत. पंपावरच्या माणसाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नळी हातात घेऊन दोन पावलं पुढे आला होता.

निघायची वेळ पहाटे चारची ठरे आणि साडेपाचला गाडी हले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणतात. आमच्या नकटीची निम्मीअधिक विघ्नं बाथरूमच्या दारात रांगेने उभी असत. शिळफाटा, पनवेल, पळस्पे. तिथून खरा मुंबई-गोवा रस्ता. कर्नाळ्याचा सुळका दिसेतो पोरं टक्क जागी झालेली असत आणि वडखळला पांढऱ्या कांद्यांच्या माळा दिसू लागल्या की पहिला प्रश्न यायचा, “किती राहिलं?” दादाचं उत्तर सावंतवाडीपर्यंत पुरेल असं होतं. “आलंच. हे एवढं वळण गेलं की.”

त्या रस्त्याचा नंबर सतराचा सहासष्ट झाला, पण खड्ड्यांना त्याचं काही नव्हतं. तिची चाकं बारा इंची. मोठ्या गाड्या जो खड्डा नुसता ओलांडून जात त्यात ती आधी उतरायची, मग चढायची. पळस्पे ते इंदापूरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा जो पुतण्या वहिनीच्या मांडीवर होता, तो पुढे डायव्हर्जनच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं शिकला. त्याला ‘काम चालू’ हे ‘कमळ’च्या आधी वाचता येई.

महाडजवळ सावित्रीच्या पुलावर मधल्या खिडकीची काच सरकवून पोरं नाणं टाकायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो जुना, ब्रिटिश काळातला पूल पडला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. तिथून पहिल्यांदा गेलो तेव्हा पोरांनी सवयीने नाणी काढली. आईने ती काढून घेतली आणि स्वतःच्या कनवटीला लावली. का, ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग कशेडी. आठ माणसं, परतीला आंब्याच्या पेट्या, आणि वर टपावर बांधलेलं बोचकं. नकटी दुसऱ्या गिअरात शिरली की खेडची उतरण लागेपर्यंत तिथेच. मागे ट्रकांची माळ लागायची. दादा कडेला घेऊन म्हणायचा, “दम खाऊदे तिला.” पोरांची पोटंही इथेच ढवळत. पण सगळ्यांची नाहीत. उलट्या तोंडाने, मागे जाणारा रस्ता बघत बसलेली तेवढी हमखास ओकायची. डोळ्यांना एक दिसतं, कानातल्या तोलाच्या यंत्राला दुसरंच कळतं, आणि त्या दोघांच्या भांडणात पोट हकनाक मरतं. शेवटी ज्याला मळमळेल त्याला पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं बाहेर काढून उभं करायचं, असा रिवाज पडला. तिथे ना बॉनेट, ना काही. काचेला लागूनच रस्ता! वळण थेट अंगावर यायचं, शरीराला आधीच कळायचं, आणि लिंबू न हुंगता पोर शांत व्हायचं. त्या जागेसाठी पुढे पुढे खोटी मळमळही सुरू झाली.

हे आठवलं की आता माझ्या पोटात गोळा येतो. तिला नाक नव्हतं म्हणून पोरांना सगळा कोकण समोर दिसला, आणि नाक नव्हतं म्हणूनच समोरून कुणी आलं असतं तर त्याच्या आणि पोरांच्या मध्ये एक काच आणि थोडा पत्रा, एवढंच होतं. मोटारीचं नाक हे मुळात चुरगळण्यासाठी असतं. धक्का त्याने खायचा आणि माणसांपर्यंत कमी पोहोचू द्यायचा. नकटीजवळ खायला काही नव्हतं. आमच्या पोरांना पट्टा ठाऊक नव्हता. आम्ही गणपतीचा फोटो लावला होता.

अपघाताच्या कसोट्यांचे नवे नियम आले तेव्हा तिच्या बांध्याला ते झेपणारे नव्हते. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पस्तीस वर्षांनी. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची वेगळी सीट नसेल तर हजार रुपये दंड लागू झाला. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. ओम्नी गेली म्हणून गळा काढणारे लेख मी वाचतो; ते लिहिणारे बहुधा पोरांच्या वयात तिच्यात बसलेले असतात, ड्रायव्हरच्या वयात नाही.

आमची एका आचाऱ्याने नेली. मागचं एक बाक काढून त्याने पातेली ठेवायची सोय केली. देताना दाराची खाच साफ करायला वहिनी हेअरपिन घेऊन बसली: निवतीच्या किनाऱ्यावरची वाळू, चुरमुरे, आणि आवळासुपारी इतकी घट्ट बसलेली की आचारी म्हणाला, “राहू द्या ताई, सरकतंय.”

आता थोरल्या पुतणीची गाडी आहे. लांब नाकाची, एसीची. कशेडीला बोगदा आहे. कुडाळहून चुलत्यांचा फोन येतो, “खंय पावलास?” आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा मागून, पट्ट्यात बांधलेला, ओरडून सांगतो, “माहीत नाही, मला सीटच दिसतेय!” मागच्या खेपेला तो तीनदा ओकला. मग तिने त्याला उंच बैठकीची सीट घेतली, म्हणजे पट्टाही नीट बसतो आणि मान वर काढली की समोरची काच दिसते. यंदा तो माणगावपर्यंत ठीक होता. तिथे त्याने पुढे झुकून विचारलं की आपल्या गाडीचं तोंड एवढं लांब का आहे, त्यामुळे जवळचा रस्ता दिसत नाही. पुतणी म्हणाली, “असू दे लांब. तू लांबचा बघ.”