मृग नसलेल्या गावातली पेरणी

मार्च संपायच्या आत शिकागोत चार दिवस लख्ख ऊन पडले आणि पारा वीस अंशांवर गेला, की दुकानांच्या दारात टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडले जातात आणि मराठी घरांतल्या फोनांवर एकच चर्चा सुरू होते: यंदा वसंत लवकर आलाय, मग भाजीपालाही लवकर लावायचा का? भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद भागातून इकडे आलेल्यांचे हात तर जास्तच शिवशिवतात. रान, पेरा, वाफसा हे शब्द त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात आणि सहा महिने बर्फ बघून डोळे विटलेले असतात. माझे मत या घाईच्या विरुद्ध आहे. वसंत जितका लवकर येईल तितके उन्हाळी भाज्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे, हे सांगायला मला अमेरिकी पुस्तकांइतकाच आपल्या सीमाभागातल्या शेतीचाही आधार वाटतो.

मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागते. ती तारीख पंचांगात छापलेली असते, नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव हेही तिथे लिहिलेले असते, आणि त्यावर पारावर गप्पाही रंगतात. तरी कोणताही जाणता शेतकरी केवळ ८ जून उजाडला म्हणून तिफण धरत नाही. तारीख आली की तो बी-बियाण्याची आणि खताची सोय करून ठेवतो. पेरायचे केव्हा, हे रानात किती ओल गेली आहे त्यावर ठरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे कृषी खाते दर जूनमध्ये सांगते, आणि या आकड्यामागे पुष्कळ शेतकऱ्यांचे बुडालेले बियाणे आहे. रोहिणीत वळीव जोरात बरसला, वरची दोन बोटे माती भिजली आणि कुणी हुरळून पेरले, तर बी फुगते, कोंब निघतो, आणि खाली ओल नसल्याने पुढच्या पंधरा दिवसांच्या उघडिपीत जळून जातो. मग दुबार पेरणी. बियाणे पुन्हा घ्यायचे, मजुरी पुन्हा मोजायची आणि हंगामातले दिवस वाया गेले ते गेलेच. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. पाऊस अजिबात आला नाही, तर असे नुकसान होत नाही, कारण तेव्हा सहसा कुणी पेरतच नाही. फसगत होते ती लवकर आलेल्या चांगल्या पावसाने.

शिकागोत मार्चची उष्ण लाट हा तसाच वळीव असतो. मार्च २०१२ मध्ये इथे आठ दिवस तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळजवळ २७ सेल्सियसच्या, वर गेले. मार्चमध्ये ८० ओलांडणे ही इथे एरवी दुर्मीळ गोष्ट. झाडांना कॅलेंडर कळत नाही. मिशिगन तळ्यापलीकडच्या मिशिगन राज्यात सफरचंद आणि चेरी महिनाभर आधीच फुलावर आल्या. एप्रिलमध्ये पारा वारंवार गोठणबिंदूखाली गेला आणि सफरचंदाचे जवळजवळ नव्वद टक्के पीक बुडाले, आंबट चेरीचेही तेच झाले. तो एप्रिल काही जगावेगळा थंड नव्हता. एप्रिलमध्ये अशा रात्री इथे येतातच. त्या वर्षी त्यांना बळी पडायला फुले आधीच हजर होती. २००७ साली अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात ऐन ईस्टरच्या सुमाराला हेच घडले होते. फ्रान्समध्ये एप्रिल २०२१ मध्ये द्राक्षमळ्यांतून रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागल्या, तीही मार्चअखेरच्या उबेनंतरची थंडी होती. त्या घटनेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे: तापमानवाढीमुळे एप्रिलची थंडी आता पूर्वीपेक्षा सौम्य झाली आहे, पण कळ्या त्याहून जास्त लवकर फुटू लागल्याने असे नुकसान होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे. म्हणजे वसंत अलीकडे सरकला तशी शेवटची गोठवणारी रात्र तेवढीच अलीकडे सरकली, असे झालेले नाही. सफरचंदाच्या झाडाला थांबता येत नाही. आपल्याला येते.

आता मातीकडे वळू. हवा दोन दिवसांत तापते, जमीन तापत नाही. बर्फ वितळून चिंब झालेल्या चिकण मातीत पाणी भरलेले असते आणि पाणी तापायला खूप उष्णता लागते. वरून ऊन पाठीला चटके देत असतानाही चार इंच खाली माती सात-आठ अंशांवर बसलेली असू शकते. प्रत्येक बियाची गरज वेगळी. मटार, पालक, मुळा चार-पाच अंशांनाही हळूहळू उगवतात. टोमॅटोच्या रोपाला माती निदान पंधरा-सोळा अंश हवी. भेंडीला अठरा-वीस आणि गवारीला त्याहून थोडी जास्त. अंबाडी, म्हणजे कलबुर्गीकडची पुंडी, हिचाही स्वभाव उन्हाळीच. थंड ओल्या मातीत टाकलेली भेंडी उगवत नाही, कुजते, आणि बाग करणारा दोष देतो बियाण्याला. टोमॅटो मरत नाही, पण दहा अंशांखालच्या रात्रींनी खुरटतो, पाने जांभळट पडतात आणि मे अखेरीस लावलेले रोप त्याला जुलैत सहज गाठते. तेव्हा एक साधा दांडीचा थर्मामीटर घ्यावा, सकाळी चार इंच खोल खुपसावा, सलग चार-पाच दिवस नोंद करावी. त्याआधी मूठभर माती घेऊन दाबून पाहावी. बोटाने टोचल्यावर गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. लाडूसारखा घट्ट राहिला तर फावड्याला हात लावू नये, कारण ओल्या चिकण मातीत राबले की तिची ढेकळे वर्षभर पिच्छा सोडत नाहीत. इलिनॉयची काळी माती बघून काळ्या रानाची आठवण येते खरी, पण आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि ही एप्रिलभर चिखल धरून बसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जुन्या तारखांना आता अर्थ उरला नाही, हवामानच बदलले. यात तथ्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेतला पिकाचा हंगाम सरासरीने दोन आठवड्यांहून अधिक लांबला आहे आणि अमेरिकी कृषी खात्याने झाडांच्या थंडी सोसण्याचा नकाशा २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारला, त्यात बरेच भाग अधिक उबदार पट्ट्यात गेले. पण हा नकाशा हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र साधारण किती थंड असते तेवढेच सांगतो. वसंतातली शेवटची थंड रात्र कधी, हा प्रश्न त्याला विचारणे म्हणजे चुकीच्या खिडकीवर रांग लावणे. राहिली सरासरी. विमानतळावरच्या नोंदीनुसार शिकागोतला शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे शेवटची गोठवणारी रात्र, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो असे म्हणतात, तेव्हा निम्म्या वर्षांत तो त्यानंतर येतो हे विसरले जाते. शिवाय तापमान जमिनीपासून पाच-सहा फुटांवर मोजलेले असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून दोन-तीन अंश कमी असते आणि अंदाजात तीन अंश दिसत असताना वाफ्यातले रोप काळे पडते. मिशिगन तळ्याकाठच्या वस्तीत अशा रात्री कमी, पण तिथे तळ्याच्या गार वाऱ्याने वसंतच रेंगाळतो. नेपरव्हिल-शॉमबर्गकडच्या उपनगरांनी शहराची तारीख धरू नये.

दुसरा आक्षेप हंगामाचा: इथला उन्हाळा मुळात अपुरा, त्यात थांबायचे म्हणजे हातचे दिवस घालवायचे. गणित मात्र तसे सांगत नाही. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो. तिथून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साडेचार महिने मिळतात. भेंडीला दोन महिने लागतात, लावलेल्या टोमॅटोच्या रोपाला अडीच. दिवस पुरतात. अडचण होते ती घरात फार लवकर टाकलेल्या रोपांची. खिडकीत ती लांबुडकी होतात आणि मग ती वाया जातील म्हणून एप्रिलात बाहेर काढायची घाई होते. लावणीच्या दिवसापासून उलटे मोजून टोमॅटो सहा ते आठ आठवडे आधी आणि मिरची आठ ते दहा आठवडे आधी टाकली, तर ही अडचण येतच नाही. कुणी म्हणतात, फोनवर पंधरा दिवसांचा अंदाज दिसतो, मग भीती कसली? आठवड्यापलीकडच्या अंदाजाचा भरवसा झपाट्याने कमी होतो आणि १ एप्रिलला लावलेल्या टोमॅटोला सहा आठवडे काढायचे असतात. रात्री चादर पांघरणे हा उपाय दोन-तीन अंशांपुरता आणि एखाद-दुसऱ्या रात्रीपुरता ठीक. त्याने माती तापत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच शेतीतून निघतो. कापूसवाले पावसाआधी कोरड्या रानात धूळपेरणी करतातच की; पाऊस वेळेवर आला तर त्यांचे पीक पुढे जाते. जुगार का खेळू नये? खेळावा, पण काय पणाला लावायचे ते बघून. बीदरकडचा शेतकरी सगळ्या पिकांना एकच वेळ लावत नाही. मूग-उडीद लवकर पेरता आले तरच पेरतो. जुलै निम्मा सरला की त्यांचा नाद सोडून तूर धरतो. हाच विवेक इथे हवा. गुढीपाडवा मार्च-एप्रिलात येतो, तेव्हा वाफसा असेल तर मटार, पालक, मुळा आणि डब्यातली मेथी खुशाल टाकावी. हलका फ्रॉस्ट त्यांना फारसा बाधत नाही आणि गेले तर मूठभर दाणे जातात. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे वेलींची आळी करायची पद्धत आहे. त्या दिवशी इथे दोडका-दुधी घरातल्या कुंडीत टाकावा, बाहेर नको. तुरीचा मोह मात्र आवरावा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून तिचे कौतुक कितीही असो, आपल्याकडच्या पारंपरिक तुरीला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात, आणि ४२ अक्षांशावर ते पुरेसे लहान होईपर्यंत थंडी दारात आलेली असते. लवकर पेरून तिचे फुलणे लवकर होत नाही.

यंदाही मार्चमध्ये ऊन पडेल आणि रोपांचे ट्रे बाहेर येतील. टोमॅटो-मिरचीला १५ मेपर्यंत थांबा, भेंडी-गवार-अंबाडीला मेमोरियल डेपर्यंत, आणि त्या दिवशीही चार इंच खालची माती अठरा अंशांच्या आत असेल तर आणखी आठवडाभर. अंबाडीचे बी गावाकडून रीतसर कागदपत्रांनिशी आणले असेल, तर त्यातले निम्मे पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवा.